घाई कित्याक? स्कूबा शिकताना मोडावी लागणारी एक जुनी सवय

ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही देतेय. बोलताना माझी गाडी जिथे जिथे भरकटली तिथे कात्री लावली आहे, बाकी सगळं बोलले तसंच ठेवलंय.

सुरुवातीला एक छोटी गोष्ट करून बघा. गाडी चालवत असाल तर नको हं, पण निवांत बसला असाल तर एक मोठा श्वास घ्या आणि धरून ठेवा. थोड्या वेळाने छातीत काहीतरी धडका मारायला लागेल. आता सांगा, त्या क्षणी शरीराला नेमकं काय हवं असतं? बाहेरची हवा आत घ्यायची असते, की आतली बाहेर टाकायची असते?

बहुतेक जण म्हणतील, “आत घ्यायची, दुसरं काय!” मीही हेच म्हणाले असते. याचं खरं उत्तर मला दोन वर्षांपूर्वी मालवणच्या समुद्रात मिळालं. सहा मीटर खोल होते, मास्कमध्ये नाकापर्यंत पाणी भरलं होतं, आणि डोक्यात एकच विचार होता: वर पळ!

तेव्हा मी वर पळाले असते तर आज हा भाग कदाचित झालाच नसता. का, ते सांगते.

“मला पोहता येतं की!”

मी कोल्हापूरची. लहानपणी पाठीला पत्र्याचा डबा बांधून पंचगंगेत पोहायला शिकले. शिकवणारे माझे काका. त्यांची शिकवणी एका वाक्यात संपायची: “नाक दाब, दम धर, मार उडी!” घाटावरून सूर मारायचा आणि जो सगळ्यात जास्त वेळ पाण्याखाली राहील तो राजा. त्यामुळे पाणी म्हटलं की दम धरायचा, हे माझ्या अंगात पक्कं भिनलेलं होतं. तुमच्यापैकी जे विहिरीत, नदीत किंवा स्विमिंग टँकमध्ये पोहायला शिकले असतील, त्यांचंही असंच असणार.

कॉलेजात असताना आम्ही सात-आठ जण मालवणला गेलो आणि पर्यटकांसाठीची स्कूबा केली. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी केली असेल. होडीत बसवतात, दोन-चार खुणा सांगतात, सिलिंडर चढवतात, आणि एक दादा मागून पकडून तुम्हाला खडकांजवळ फिरवून आणतो. मासे, फोटो, व्हिडिओ, झालं!

त्या दिवशी माझी एक फजिती झाली. खाली दादाने हाताने विचारलं, “कसं वाटतंय?” मी खूश होऊन अंगठा दाखवला. त्याने मला लगेच वर आणलं! पाण्याखाली वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ ‘भारी’ नसतो, ‘मला वर जायचंय’ असा असतो. ‘सगळं ठीक’ म्हणायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. खूण होडीत सांगितली होती म्हणे, पण मी तेव्हा सेल्फी काढत होते. चूक माझीच.

पण एक गोष्ट त्या होडीत कुणीच सांगितली नाही, आणि स्कूबामधला पहिला नियम तोच आहे: पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही. पुढे रीतसर कोर्सला बसले तेव्हा पहिल्याच तासाला हे वाक्य ऐकलं आणि पोटात गोळा आला. आधीच्या वेळी मी किती वेळा दम धरला असेल, देव जाणे.

दहा मीटरवर फुगा अर्धा होतो

आता थोडं शाळेतलं विज्ञान. घाबरू नका, परीक्षा नाही.

आपण जमिनीवर असतो तेव्हा डोक्यावरच्या हवेचा दाब आपल्यावर असतो. त्याला ढोबळमानाने १ बार म्हणू. समुद्रात दर १० मीटर खाली गेलं की आणखी साधारण १ बार दाब वाढतो. म्हणजे १० मीटरवर २ बार, २० मीटरवर ३ बार.

दाब दुप्पट झाला की हवेचं आकारमान निम्मं होतं. हाच तो बॉइलचा नियम. तोंड बांधलेला फुगा १० मीटर खाली नेला तर तो अर्धा होतो आणि वर आणला की पुन्हा पहिल्याएवढा. इथवर काही बिघडत नाही.

आता उलटं करा. फुगा रिकामाच खाली न्या, १० मीटरवर सिलिंडरच्या हवेने पूर्ण भरा, तोंड बांधा आणि वर आणा. पृष्ठभागावर त्याला दुप्पट व्हायचं असतं. रबर ताणलं जातं, ताणलं जातं आणि फुटतं.

हा फुगा म्हणजे तुमची फुप्फुसं. बांधलेलं तोंड म्हणजे रोखलेला श्वास.

नदीत सूर मारताना असं होत नाही, कारण तिथे श्वास वर घेतलेला असतो. खाली तो आकसतो, वर येताना मूळ आकाराला येतो, बस्स. स्कूबामध्ये मात्र तुम्ही खालीच, तिथल्या दाबाची हवा छातीत भरता. मग श्वास धरून वर आलात तर ती हवा जागा मागते. फुप्फुसांच्या नाजूक भिंती फाटून बुडबुडे रक्तात आणि तिथून मेंदूत जाऊ शकतात. यासाठी फार खोल असावं लागतं असंही नाही. छाती पूर्ण भरलेली असताना एक-सव्वा मीटर वर येणंसुद्धा इजा करू शकतं. आकारमानातला सर्वात मोठा फरक शेवटच्या दहा मीटरांतच पडतो, त्यामुळे “इथे तर उथळच आहे” हा दिलासा खोटा आहे.

काकांचा नियम नदीसाठी बरोबर होता. सिलिंडर पाठीवर आला की तोच नियम उलटा होतो.

पाठीवर काय असतं?

पहिल्यांदा सगळं सामान अंगावर चढवलं तेव्हा वाटलं, मला बाजारपेठेतून हमालीला आणलंय. नुसता ॲल्युमिनियमचा सिलिंडर साधारण १४ किलोचा. पण प्रत्येक वस्तू कशासाठी आहे हे कळलं की तिचं ओझं थोडं कमी वाटायला लागतं. मला तरी असं झालं.

आधी सिलिंडर. आपण सगळे सर्रास ‘ऑक्सिजन सिलिंडर’ म्हणतो. तो ऑक्सिजनचा नसतो! त्यात तुमच्या-माझ्या आजूबाजूची साधी हवाच असते, गाळलेली, कोरडी केलेली आणि दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन जास्त दाबाखाली विषारी ठरतो, सहा मीटरच्या खाली तो घेणं धोक्याचं आहे.

हवा किती? नेहमीच्या सिलिंडरची पोकळी ११ लिटरची आणि भरलेला दाब २०० बार. गुणाकार करा: २,२०० लिटर हवा. शांत माणूस मिनिटाला साधारण २० लिटर वापरतो असं धरलं तर जमिनीवर ती ११० मिनिटं पुरेल. पण १० मीटरवर प्रत्येक श्वासात दुप्पट हवा लागते, म्हणजे ५५ मिनिटं. त्यातही ५० बार राखीव ठेवून वर यायचं असतं, म्हणजे हातात उरली ४० मिनिटं. आणि घाबरून धापा टाकल्या तर त्याच्याही निम्मी.

दुसरी वस्तू रेग्युलेटर. हे नाव ओळखीचं वाटतंय ना? घरच्या गॅसवर असतो तोच शब्द, आणि नातंही खरंच आहे. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाणबुड्यांसाठी असा रेग्युलेटर तयार केला. गान्यां हे गॅसच्या यंत्रणेवर काम करणारे इंजिनियर. युद्धामुळे पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारी गॅसवर चालाव्यात यासाठी त्यांनी एक व्हॉल्व्ह बनवला होता. तीच कल्पना सुधारून पाण्यात आली.

तो काम कसा करतो? सिलिंडरवर बसणारा पहिला भाग २०० बारचा दाब उतरवून भोवतालच्या पाण्यापेक्षा साधारण ९-१० बार जास्त इतका करतो. तोंडात धरायच्या दुसऱ्या भागात एक रबरी पडदा असतो. तुम्ही श्वास ओढला की पडदा आत खेचला जातो, दांडी दाबली जाते आणि हवा येते, बरोबर आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाची. श्वास थांबवला की हवा बंद. सोडलेला श्वास बुडबुडे होऊन बाजूने बाहेर. त्याच्या पुढच्या बाजूला एक बटण असतं, ते दाबलं की आत शिरलेलं पाणी हवेच्या झोताने बाहेर फेकलं जातं.

‘आजूबाजूच्या दाबाची’ हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. सिनेमात हिरो बोरूची नळी तोंडात धरून तळ्यात लपतो, आठवतंय? एक मीटर खाली जाऊन ते करून बघितलं तर छाती फुगवताच येणार नाही, इतका पाण्याचा दाब तिच्यावर असतो. रेग्युलेटर हवा त्याच दाबाने देतो, म्हणून छाती सहज फुगते.

रेग्युलेटरला तोंडात धरायचा आणखी एक भाग जोडलेला असतो, बहुतेक वेळा पिवळ्या नळीचा. तो जोडीदारासाठी. त्याची हवा संपली तर तो तुमच्या सिलिंडरवर श्वास घेत वर येऊ शकतो. पलीकडच्या नळीवर गेज असतं, तुमचा पेट्रोलचा काटा म्हणा.

आणि एक जॅकेट, ज्याला सगळे बीसीडी म्हणतात. एक बटण दाबलं की त्यात हवा भरते आणि तुम्ही तरंगता, दुसरं दाबलं की हवा सुटते आणि तुम्ही खाली जाता. मला बघताक्षणी पाठीवरचा पत्र्याचा डबा आठवला. काम तेच, फक्त या डब्यातली हवा कमी-जास्त करता येते.

पाण्यात उतरण्याआधी जोडीदाराने एकमेकांचं सगळं तपासायचं: जॅकेट, वजनाचा पट्टा, बकलं, हवा. इथली एक युक्ती लक्षात ठेवा. रेग्युलेटरमधून चार-पाच श्वास घेताना नजर गेजच्या काट्यावर ठेवा. श्वासागणिक काटा खाली झुकत असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. होडीत हे कळलं तर सुधारायला पाच सेकंद पुरतात.

टँकमधले दिवस: नाक नावाचा शत्रू

कोर्सचे पहिले धडे स्विमिंग टँकमध्ये असतात. माझी खरी अडचण तिथे सुरू झाली, आणि तिचं नाव मास्क.

मास्क म्हणजे पोहण्याचा गॉगल नव्हे. गॉगल फक्त डोळे झाकतो, मास्कमध्ये नाकही आत असतं. खाली जाताना मास्कमधली हवा आकसते आणि मास्क चेहऱ्याला ओढून चिकटायला लागतो. मग नाकातून थोडी हवा आत सोडायची की तो सैल होतो. गॉगलमध्ये ही सोय नाही, म्हणून तो घालून खाली जायचं नसतं.

मास्क निवडताना पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवा आणि नाकाने हलकेच श्वास ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर तो तुमचा. केसाची एक बट जरी मध्ये आली तरी पाणी शिरतं. आमच्या बॅचमधल्या एका मिशीवाल्या मित्राला तर रोज हाच त्रास, पण मिशी काढायला तो शेवटपर्यंत तयार झाला नाही. काचेवर धुकं धरू नये म्हणून आत थुंकून चोळायचं आणि पाण्याने विसळायचं. हो, खरंच थुंकायचं! चष्मेवाल्यांनो, नंबरच्या काचांचे मास्क मिळतात, काळजी नको.

तर अडचण अशी की कोर्समध्ये मुद्दाम मास्कमध्ये पाणी भरायला लावतात आणि खालीच ते काढायला शिकवतात. कृती सोपी आहे: मास्कची वरची कड कपाळाला दाबायची, मान किंचित वर करायची आणि नाकातून हवा सोडत राहायची. हवा वर साठते, पाणी खालून निघून जातं. पण नाकाला पाणी लागलं की माझा मेंदू ओरडायचा, “बुडालीस!” तोंडात रेग्युलेटर आहे, हवा मिळतेय, तरीही. दोनदा मी खाडकन उभी राहिले. टँक छातीएवढा होता म्हणून निभावलं.

आमचे इन्स्ट्रक्टर मालवणचेच. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, “घाई कित्याक? आधी श्वास सोड, मग बघू.” त्यांनी मला घरचा अभ्यासही दिला: शॉवरखाली उभं राहायचं, पाणी चेहऱ्यावरून नाकावरून वाहू द्यायचं आणि शांतपणे फक्त तोंडाने श्वास घेत राहायचं. हसू नका, तीन दिवसांत फरक पडला. तुम्हाला कोर्स करायचा असेल तर आजपासून करा, फुकट आहे.

कानांचं तंत्रही टँकमध्येच शिकवतात. विमान उतरताना कान दडे बसतात ना, तसंच पाण्यात होतं, फक्त फार लवकर. नाक चिमटीत धरून बंद तोंडाने हलकेच फुंकायचं. दुखायला लागल्यावर नव्हे, दुखायच्या आधी, दर अर्ध्या-एक मीटरला. कान मोकळा होत नसेल तर थोडं वर यायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. जोर लावायचा नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह रद्द, पैसे भरलेले असले तरीही.

सहा मीटर

आता तो दिवस. समुद्रातली माझी दुसरी डाइव्ह. मालवणचं पाणी काही पोस्टरमधल्यासारखं निळंशार नसतं. त्या दिवशी चार-पाच मीटरपलीकडे सगळं हिरवट धूसर होतं. तळाशी गुडघे टेकून आम्ही एकेकाने मास्कचा धडा करायचा होता. टँकमध्ये मला तो जमला होता, म्हणून मी निर्धास्त होते.

मास्कची कड उचलली, पाणी आत आलं, आणि ते खारं होतं. डोळे चुरचुरले. दचकून मी नाकाने श्वास ओढला. थेंबभर पाणी घशात गेलं, ठसका लागला. आणि मग जे अंगात भिनलं होतं तेच झालं. मी दम धरला. छाती गच्च भरलेली, डोळे मिटलेले, आणि पायांनी तळाला रेटा द्यायला सुरुवात केली.

सहा मीटरवर दाब १.६ बार. तशीच वर आले असते तर छातीतली हवा दीडपटीहून जास्त फुगली असती.

दादांचा हात माझ्या जॅकेटच्या पट्ट्यावर होता. तो आधीपासूनच तिथे होता, हे मला नंतर कळलं. त्यांनी मला वर जाऊ दिलं नाही, पण दाबूनही धरलं नाही. माझा एक हात घेऊन त्यांनी स्वतःच्या रेग्युलेटरवर, बुडबुडे निघतात तिथे ठेवला. मला काही दिसत नव्हतं, पण हाताला लागत होतं. बुडबुडे... थांबा... बुडबुडे... थांबा. लांब, सावकाश. ते श्वास सोडत होते आणि मला तो मोजायला लावत होते.

मी सोडला. आधी थोडा, मग सगळा. ठसका रेग्युलेटरमध्येच काढला, आणि हो, रेग्युलेटरमध्ये खुशाल खोकता येतं. मग पुढचा श्वास आपोआप आत आला. तिसऱ्या-चौथ्या श्वासाला आठवलं की मास्क अजून भरलेलाच आहे. कपाळाला कड दाबली, नाकाने फुंकलं, पाणी गेलं. डोळे उघडले तर समोर दादा, अंगठा-तर्जनीचा गोल करून विचारत होते: ठीक?

मीही गोल दाखवला. अंगठा नाही दाखवला, बरं का!

सोडलं की मिळतं

सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊया. दम धरल्यावर छातीत धडका कशामुळे बसतात? ऑक्सिजन संपला म्हणून नव्हे. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि मेंदू घंटा वाजवायला लागतो. त्या क्षणी शरीराला आधी हवं असतं ते साठलेलं बाहेर टाकणं.

घाबरलेला माणूस काय करतो? भराभर, वरवरचे, छोटे श्वास घेतो. आधीच भरलेल्या छातीत आणखी थोडी हवा कोंबतो, बाहेर मात्र नीट काही जातच नाही. कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, गुदमरल्यासारखं वाटतं, मग आणखी भीती, आणखी छोटे श्वास. सिलिंडर हवेने भरलेला असतानाही माणसाला वाटतं, रेग्युलेटर हवाच देत नाहीये. अशा वेळी काही जण तोंडातला रेग्युलेटर ओढून काढतात.

हे चक्र मोडायची जागा एकच: पूर्ण, लांब श्वास सोडणं. ‘घाई कित्याक’ हा धीर देणारा शब्द होताच, पण त्याच्यामागे शरीराचं गणित होतं. म्हणूनच डायव्हर्सना शिकवतात: थांबा, श्वास घ्या-सोडा, विचार करा, मग कृती करा.

आणि खरोखरच वर जायची वेळ आली तर? जोडीदार जवळ असेल तर त्याचा जादाचा रेग्युलेटर. नसेल आणि फार खोल नसाल तर रेग्युलेटर तोंडातच ठेवून, सतत ‘आऽऽऽ’ असा आवाज काढत वर यायचं. आवाज चालू आहे म्हणजे श्वास बाहेर पडतोय, इतकं साधं. कोर्समध्ये याचा सराव करून घेतात. पर्यटकांच्या वीस मिनिटांत तो होत नाही.

श्वासावर तरंगणं

या सवयीचं एक बक्षीसही आहे. वजनाचा पट्टा आणि जॅकेट नीट जुळवलं की तुम्ही ना बुडता, ना तरंगता, मध्येच स्थिर राहता. मग श्वास घेतला की अंग हळूच वर उचललं जातं, सोडला की खाली येतं. एखादा खडक ओलांडायचा तर हात मारायचे नाहीत, फक्त थोडा मोठा श्वास.

नवशिके इथे एक चूक हमखास करतात. बटण दाबतात, लगेच काही होत नाही, म्हणून आणखी दाबतात. मग एकदम सुसाट वर किंवा धप्पकन खाली. परिणाम दिसायला दोन-तीन सेकंद लागतात. थोडंसं दाबा, थांबा, बघा. घाई कित्याक!

आणखी एक गंमत. सिलिंडरमधल्या २,२०० लिटर हवेलाही वजन असतं, अडीच किलोहून थोडं जास्त. डाइव्हच्या शेवटी ती संपत येते आणि तुम्ही हलके होऊन वर तरंगायला लागता. म्हणून वजन ठरवताना सुरुवातीचा नाही, शेवटचा हिशोब धरायचा.

स्थिर राहता येणं ही नुसती ऐट नाही. ज्याला स्थिर राहता येत नाही तो पाय झाडतो, आणि एक लाथ बसली की वर्षानुवर्षं वाढलेलं प्रवाळ मोडतं.

तुमचे नेहमीचे प्रश्न

*पोहता यायलाच हवं का?* पर्यटकांच्या डाइव्हला नाही. कोर्सला मात्र हवं. पॅडीच्या ‘ओपन वॉटर’ कोर्समध्ये न थांबता २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगत राहणं लागतं. पोहण्याला वेळेची अट नाही. वय किमान १० वर्षं.

*कोर्स किती दिवसांचा?* साधारण तीन ते चार. थोडी थिअरी, टँकमधले धडे आणि समुद्रात चार डाइव्ह. त्यानंतर जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत जाता येतं. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं प्रशिक्षण केंद्र आहे, गोव्यात आणि अंदमानातही सोय आहे. आपल्याकडे पावसाळ्यात समुद्र बंद असतो, तेव्हा बेत ऑक्टोबरनंतरचा करा.

*पर्यटकांची डाइव्ह करू की नको?* करा की, पण पैसे देण्याआधी विचारा: खाली एका माणसामागे किती पाहुणे? तब्येतीचा फॉर्म भरून घेता का? उथळ पाण्यात आधी सराव देता का? ‘श्वास रोखू नका’ हे त्यांनी आपणहून सांगितलं तर चांगली खूण समजा. दमा, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन असलं काही असेल तर लपवू नका, आधी डॉक्टरांना विचारा. आणि आदल्या रात्रीची पार्टी दुसऱ्या रात्रीवर ढकला.

*डाइव्हनंतर लगेच घरी निघता येतं का?* दाबाखाली नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि तो हळूहळू बाहेर पडू द्यावा लागतो. म्हणून सावकाश वर यायचं आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. विमानासाठी एका डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्ह झाल्या असतील तर किमान १८ तास थांबायला सांगतात. आमच्या घाटावरच्या लोकांनी आणखी एक लक्षात ठेवावं. मालवणहून कोल्हापूर-बेळगावकडे निघालात की काही तासांत तुम्ही समुद्रसपाटीवरून घाटमाथ्यावर असता. आंबोली जवळजवळ ७०० मीटर उंचीवर आहे. कोर्सच्या खोल डाइव्ह झाल्या असतील तर त्याच संध्याकाळी घाट चढू नका. रात्रभर मुक्काम करा, सुरमई खा, सकाळी इन्स्ट्रक्टरना विचारून निघा.

शेवटी

कोर्सच्या शेवटच्या डाइव्हला दादांनी पुन्हा मास्कची खूण केली. मी कड उचलली, पाणी आत घेतलं आणि तशीच बसून राहिले. पाच श्वास मोजले. मग सावकाश फुंकून पाणी काढलं. डोळे उघडले तेव्हा शेजारच्या खडकावर एक पोपटमासा टकटक करत खडक कुरतडत होता. पाण्याखाली एवढं स्पष्ट ऐकू येतं हे मला तोवर माहीतच नव्हतं, कारण तोवर मी फक्त स्वतःची धाप ऐकत होते.

घरी आल्यावर काकांना फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर करून बघितले आणि पहिला प्रश्न विचारला, “किती वेळ दम धरलास गं?”

म्हटलं, “काका, अजिबात नाही धरला.”

त्यांना ते अजून पटलेलं नाही. पुढच्या हिवाळ्यात त्यांना घेऊन जाणार आहे, आधी डॉक्टरांकडे आणि मग टँकवर. तोवर शॉवरखालचा सराव सुरू आहे म्हणतात.

तुम्हीही करून बघा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि श्वास सोडत राहा!